रबराची पाल

आप्पांची छत्री मी तीन वर्षांत एकदाही उघडलेली पाहिली नाही. सोलापूरच्या उन्हात माणसं डोक्यावर ओला पंचा टाकून फिरायची, पण आप्पा काळी छत्री काखेत मारून, उघड्या टकलानं नवी पेठेतून तरातरा जायचे. कुणी म्हणालंच, "आप्पा, छत्री उघडा की," तर उत्तर ठरलेलं, "उघडली की झिजती."

एकदा ऐन मार्चात अवकाळी पाऊस आला. आप्पा दुकानातून घरी आले ते नखशिखान्त भिजून. अंगात कोट नव्हता. तो त्यांनी छत्रीभोवती गुंडाळला होता आणि ते गाठोडं तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलं होतं. दारात उभ्या असलेल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या अक्कांनी, कपाळावर हात मारला.

"अय्यो शिवने! छत्री कोरडी आन् माणूस भिजलाय!"

 पाणी गळत माझ्या खोलीवरून जाताना आप्पांनी मला हळूच डोळा मारला. छत्री ओली झाली असती, तर अक्कांनी ती वाळवायला उघडली असती. उघडली असती, तर तिच्यात तारा नाहीत हे त्यांना कळलं असतं. त्या काळ्या कापडाच्या आत छत्री नव्हतीच. मासे धरायची बांबूची काठी होती.

हे गुपित जगात फक्त मला ठाऊक होतं. ते माझ्याकडे कसं आलं, ते सांगायला हवं.

मी आप्पांचा भाडेकरू. वेंगुर्ल्याकडचा. सत्तरच्या दशकात, दुष्काळाची वर्षं नुकतीच सरली होती तेव्हा, सोलापुरातल्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला लागलो आणि खोली शोधत आप्पांच्या दारात उभा राहिलो. घर लिंगायतांचं. अंड्याचं नावही उंबऱ्याच्या आत चालायचं नाही. माझी मुलाखत अक्कांनी घेतली.

"मासं खाता?"

"खात होतो."

"आता?"

"आता इथं कुठले मासे?"

"घावले तर?"

मी सांगून टाकलं की खाणार नाही, आणणार नाही, नावही काढणार नाही. खोली मिळाली. आठ महिने मी शब्द पाळला. रोज ज्वारीची कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि एरंडेल प्यायल्यासारखा चेहरा. स्वप्नात मात्र बांगडे यायचे.

अशात एका रविवारी दुपारी अक्का झोपल्या असताना आप्पा माझ्या खोलीत शिरले, दार लोटलं आणि कुजबुजले, "मास्तर, मासा तुमाला जवळनं म्हाईत हाय न्हवं?"

मला वाटलं, ही अक्कांनी लावलेली परीक्षा. मी म्हणालो, "मासा? कसला मासा?"

"भिऊ नका. हे वाचा."

बंडीच्या आतून त्यांनी एक चुरगळलेला कागद काढला. नवी पेठेत आप्पांचं कटलरीचं दुकान होतं. रिबिनी, टिकल्या, खोटे मोती, कागदी फुलं, लहान मुलांची खेळणी. पुड्या बांधायला ते रद्दी घ्यायचे आणि त्या रद्दीत कुठल्यातरी परदेशी मासिकाचं हे पान आलं होतं. त्यावर चित्रं होती. मऊ प्लॅस्टिकचा एक गांडूळ, त्यात खुपसलेला गळ, आणि पाणवनस्पतींच्या जाळ्यातून तो गांडूळ ओढत नेणारा एक टोपीवाला.

मी वाचून सांगू लागलो. "हे लिहिलंय ते बास धरण्याविषयी."

"बास?"

"हो. बास."

"बास म्हंजे पुरे?"

"नाही. माशाचं नाव आहे."

आप्पा इतके हसले की उशी तोंडावर दाबून घ्यावी लागली. "त्या लोकांनी माशाचं नाव 'पुरे' ठिवलंय! आवो, नावच असलं, तर तो गळाला लागंल तरी कशाला?"

मग उशी बाजूला ठेवून त्यांनी आपली गोष्ट सांगितली. दर आठवड्याला ते मंद्रूपच्या बाजाराला माल घेऊन जात. वाटेवर एक तळं होतं, कमळाच्या पानांनी आणि शेवाळानं गच्च भरलेलं. वर्षभरापूर्वी तिथं तोंड धुताना त्यांनी पाहिलं, एका पानावर बेडूक बसला होता. पान फाटल्यासारखा आवाज झाला, पाणी उसळलं आणि बेडूक नाहीसा झाला. मरळीनं, म्हणजे तळ्यातल्या दांडग्या शिकारी माशानं, नेला होता.

"माज्या तोंडावरचं पाणी तसंच राह्यलं, मास्तर. एवढा राग, एवढा जोर, आन् वर बघावं तर सगळं शांत! त्या दिवसापासनं माजं ध्यान दुकानात न्हाय."

"मग तुम्हाला ती धरायची आहे?"

"धरायची. मारायची न्हाय. खायची तर न्हायच न्हाय." त्यांनी कागदावरच्या गांडुळावर बोट ठेवलं. "जलमभर मी खोटं मोती आन् खोटी फुलं इकली. घेणाऱ्याला म्हाईत असतंय खोटं हाय, मला बी म्हाईत असतंय. एकदा कुणीतरी माजी खोटी वस्तू खरी समजून झडप घालावी की! एवढंच बगायचंय."

जिवंत बेडूक गळाला टोचायचा नाही, हा त्यांचा पहिला नियम. म्हणून त्यांनी दुकानातली रबरी खेळणी घेतली होती. पोरं एकमेकांना घाबरवायला आणतात तसली रबराची पाल. पण तळ्यात गळ टाकला की पालीऐवजी शेवाळच लागायचं. दोन हात शेवाळ ओढून ओढून आप्पांचे खांदे भरून आले होते. त्या परदेशी कागदात नेमका त्यावरचा इलाज होता: गळाचं टोक उघडं ठेवायचंच नाही. पालीच्या तोंडातून खुपसायचं, हनुवटीतून बाहेर काढायचं, गळ फिरवायचा आणि टोक पुन्हा तिच्या पोटात लपवायचं. म्हणजे पाल शेवाळावरून, पानांवरून सुळकन निसटते. मासा चावला की रबर दबतं आणि तेव्हाच टोक बाहेर येतं.

हे एवढं मी वाचलं आणि पान संपलं. पुढचा कोपरा फाटलेला होता.

"पुढं काय हाय?" आप्पांनी विचारलं.

"पुढं फाटलंय."

"कुणाला तरी त्यात टिकल्या बांदून दिल्या असणार मी," आप्पा म्हणाले आणि दोन्ही हातांनी टक्कल धरून बसले.

तिथून पुढं माझी खोली म्हणजे कारखाना झाला. रबर मऊ पाहिजे म्हणून आप्पा पाली गरम पाण्यात भिजवायचे, मग एका हातात पाल आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या कानाची पाळी धरून दोन्ही चेपून बघायचे. पाळीइतकी मऊ झाली की पाल पास. एकदा त्यांनी पाणी तापवायला चुकून चहाचं पातेलं घेतलं आणि ते तसंच विसरून दुकानात गेले. संध्याकाळी अक्कांच्या किंकाळीनं गल्ली जमा झाली. पातेलं फेकलं गेलं, घर धुतलं गेलं आणि पाल पडल्याचं फळ काय, हे बघायला पंचांग उघडलं गेलं. अंगावर पडली तर काय ते लिहिलेलं होतं, पण चहाच्या पातेल्यात पडली तर काय, याचा उल्लेख नव्हता. आप्पा मान खाली घालून शेजारी बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. अक्कांना वाटलं, घाबरून रडतायत.

गळाच्या टोकाला मागं वळलेला एक बारीक काटा असतो. एकदा घुसला की तो मासा सोडत नाही. आप्पांनी सगळ्या गळांचे हे काटे कानशीनं घासून टाकले होते. मी म्हणालो, "आप्पा, असा गळ मासा झटक्यात सोडवून घेईल."

"घिऊ दे की. त्याला बी घरी जायचं असंल."

त्या लपवलेल्या टोकानं आप्पांच्या डोक्यात घर केलं होतं. "टोक असावं, पण दिसू न्हाय," हे वाक्य ते कुठंही वापरायचे. दुकानात भांडकुदळ गिऱ्हाईक गेलं की नोकराला हेच ऐकवायचे. मी शाळेत मुलांवर ओरडतो असं कळल्यावर मलाही हेच ऐकवलं. त्यांची थोरली मुलगी फटकळ होती. तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि प्रत्येक वेळी पाहुणे यायच्या आधी आप्पा तिला बोट दाखवून म्हणायचे, "टोक..." आणि ती म्हणायची, "म्हाईत हाय!"

रविवारी आम्ही दोघं त्या तळ्यावर जायचो. घरी सांगायचं, बाजाराच्या गावी उधारी बघायला चाललो. बसमधून उतरलं की आप्पा छत्रीचं कापड उतरवायचे, काठीला तंगूस, म्हणजे गळाची नायलॉनची दोरी, ओवायचे आणि उरलेली तंगूस हातमागाच्या लाकडी कांडीवर गुंडाळून डाव्या हातात धरायचे. डोक्यावरून गरागरा फिरवून फेकलेली पाल कधी पाण्यात, कधी बाभळीत, एकदा माझ्या सदऱ्यात पडली. पण एक खरं, शेवाळ आता लागत नव्हतं. पानांच्या गर्दीतून पाल अशी निसटत यायची की आप्पा आनंदानं नाचायचे. मासाही लागत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

काठावर एक धनगरीण मेंढरं चारायची. पन्नाशीची, काळीसावळी. पहिले काही रविवार ती नुसती बघत बसली. मग एक दिवस जवळ आली.

"काय धरालाय?"

"मरळ," आप्पा म्हणाले.

"घरी कालवण करायला?"

"न्हाय. धरून सोडायची."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "ह्येंचं बरं हाय न्हवं?"

मी म्हणालो, "बरं आहे."

"आन् तुमी कशाला येता?"

मी छत्रीच्या कापडाची घडी घालू लागलो. ती खाली बसली आणि पाण्यातून येणाऱ्या पालीकडं बघू लागली. "तुमची पाल गिरक्या घालतीया. पाल कदी गिरक्या घालती व्हय? आन् सारकी वढताय कशाला? बेडूक बसतो. मंग हालतो. मंग पुन्ना बसतो. मरळ काय खुळी हाय?"

आप्पांनी काठी खाली ठेवली आणि त्या बाईंना हात जोडले. फाटलेल्या कोपऱ्यात जे लिहिलेलं असेल ते हेच. पाल गळावर वाकडी बसली की ती फिरते. सरळ बसवायची तर टोक पोटात कुठं घुसणार, ते आधी बाहेरून मापून घ्यावं लागतं. तो सगळा आठवडा आप्पा माझ्या खोलीत पाली सरळ बसवत होते. बादलीत ओढून बघत होते. न फिरता आलेली पहिली पाल त्यांनी गळासकट कोटाच्या खिशात ठेवली. म्हणाले, "ही शुभ हाय."

आणि त्याच शनिवारी अक्कलकोटकडचे पाहुणे मुलगी बघायला आले.

मुलगा आणि त्याचे वडील. वडील भारदस्त. पांढरंशुभ्र धोतर, कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलणं मोजकं. मलाही बोलावलं होतं, मुलीचं इंग्रजी चांगलं आहे असं सांगायला. मुलगी आली, बसली, एकदाही फटकळ बोलली नाही. अक्कांनी चुरमुऱ्यांच्या सुशिल्याच्या बश्या आणल्या. सगळं इतकं छान चाललं होतं की आप्पांना घाम फुटला. मुलाच्या वडिलांना बशी देताना त्यांनी वाकून दुसऱ्या हातानं खिशातला रुमाल ओढला. रुमालाबरोबर पाल आली आणि थेट पाहुण्यांच्या मांडीवर पडली.

पाहुणे बसल्या जागी वीतभर उडाले. बशी पालथी झाली. मग पाल हलत नाही असं पाहून त्यांनी ती उचलली. "खोटी हाय की!" ते म्हणाले आणि रबर किती मऊ आहे हे बघायला त्यांनी पोट चेपलं.

पाल सरळ आणि बिनचूक बसवलेली होती. पोट दबलं, टोक बाहेर आलं आणि पाहुण्यांच्या अंगठ्यात घुसलं.

"हलू नगा!" आप्पा पुढं झाले. त्यांनी गळ धरला, उलटा फिरवला आणि लोण्यातून सुई काढावी तसा तो अंगठ्यातून काढला. काटा घासलेला नसता, तर आम्हाला त्या दिवशी पाहुण्यांना दवाखान्यात न्यावं लागलं असतं. रक्ताचा एक थेंब धोतरावर पडला. पाहुण्यांनी गळ नीट निरखला.

"मासं धरायचा गळ हाय ह्यो," ते म्हणाले. "ह्या घरात?"

अक्का दारात उभ्या होत्या.  मी उभा राहिलो. काही विचार केला नाही.

"माझा आहे," मी म्हणालो. "मी कोकणातला. आप्पांनी माझ्याकडून काढून घेतला असेल."

अक्का माझ्याकडं वळल्या. आवाज चढवला नाही, त्यामुळंच भीती वाटली. "मास्तर, आजच्या आज खोली रिकामी करा."

मी मान हलवली. खोलीकडं निघालो, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "बसा, मास्तर."

कोपऱ्यातली छत्री त्यांनी आणली आणि सगळ्यांसमोर तिचं कापड ओढून काढलं. बांबूची काठी मोकळी झाली.

"पाल माजी हाय. काठी माजी हाय. दोन वर्सं झाली. मास्तरांना मीच नादाला लावलं."

 अक्का भिंतीला टेकल्या. पाहुण्यांनी विचारलं, "दोन वर्सांत किती मासं मारलं?"

"मारायचं न्हाय. धरून सोडायचं."

"बरं. किती धरलं?"

आप्पांनी खाली पाहिलं. इतका वेळ ताठ असलेला त्यांचा आवाज पहिल्यांदाच चिरकला.

"एक पण न्हाय."

"एक पण न्हाय?"

"अजून एक पण लागला न्हाय."

पहिली फुटली ती मुलगी. पदराचा बोळा तोंडात कोंबूनही तिचं हसू नाकातून बाहेर आलं. मग मुलगा. मग पाहुणे अंगठा तोंडात धरून असे हसले की विभूतीचे पट्टे वाकडे झाले. डोळे पुसत ते म्हणाले, "मालक, पाल पडल्याचं फळ पंचांगात असतंय. रबराची पडली तर काय फळ?"

अक्का हसल्या नाहीत. त्या आत गेल्या, त्या आठ दिवस आप्पांशी एक शब्द बोलल्या नाहीत. आप्पांची भाकरी ताटात आपटून पडायची. दुकानातून आले की ते माझ्या खोलीत येऊन बसायचे. काठी माळ्यावर टाकली होती. एकदा म्हणाले, "तिच्यापास्नं लपिवलं, हे चुकलंच की वो मास्तर." त्यात काही विनोद नव्हता आणि मीही केला नाही.

नवव्या दिवशी अक्कलकोटकडून निरोप आला. मुलगी पसंत. निरोप आणणाऱ्यानं पाहुण्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले: ज्या माणसाला दोन वर्सांत एक मासा फसवता आला न्हाय, तो आमाला काय फसवणार?

त्या संध्याकाळी अक्का माझ्या दारात आल्या.

"मास्तर, खरं सांगा. खरंच एक पण न्हाय?"

"नाही, अक्का."

"दोन वर्सं? दर रविवारी?"

"हो."

त्यांनी बराच वेळ चौकटीवर नखानं रेघा मारल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आता राग नव्हता, वेगळीच लाज होती. गल्लीत, पाहुण्यांत, अक्कलकोटपर्यंत आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं की आपल्या नवऱ्याला साधा मासा लागत नाही.

"येत्या रविवारी मी येते," त्या म्हणाल्या. "बगते, काय चुकतंय त्येंचं."

अक्का चांगलं लुगडं नेसून तळ्यावर आल्या. धनगरणीनं त्यांना बाभळीखाली जागा करून दिली आणि दोघी मैत्रिणी असल्यासारख्या शेजारी बसल्या. आप्पांनी काठी सरसावली. पहिली फेक बाभळीत गेली. दुसरी माझ्या पायाशी.

"तिकडं न्हवं," अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "ती दोन पानं हायत न्हवं, त्येंच्या फटीत टाका."

तिसरी पाल हवेत लांब गेली आणि फटीच्या पलीकडच्या पानावर टपकन बसली.

"आता वढू नगा," धनगरीण म्हणाली.

"ऐकालाय न्हवं? वढू नगा!" अक्का म्हणाल्या.

पाल पानावर बसून राहिली. आप्पांनी तंगूस एक बोटभर खेचली. पाल पानाच्या कडेवर आली, घसरली, पाण्यात पडली.

पान फाटल्यासारखा आवाज झाला. पाणी पुरुषभर उसळलं, काठी धनुष्यासारखी वाकली आणि आप्पा ओरडले. शब्द नव्हताच त्यात, नुसती आरोळी. मागाची कांडी हातातून सुटून पाण्यात गेली. आप्पा कंबरभर पाण्यात शिरले. मरळ पानाखालून उजवीकडं गेली, डावीकडं आली, एकदा पूर्ण वर आली. काळी, चकचकीत, मनगटापेक्षा जाड. माझ्या डोळ्यांसमोर तिरफळं आणि कोकमं उभी राहिली, हे मी आजही लपवत नाही.

"धरा! धरा की!" असं ओरडत अक्काच पाण्यात उतरल्या. काठालगत आलेल्या मरळीला त्यांनी दोन्ही हातांनी कवटाळलं. जन्मात ज्यांनी माशाचा वास घेतला नव्हता, त्या अक्का छातीशी मरळ धरून चिखलात उभ्या होत्या आणि विचारत होत्या, "आता काय करू? आता काय करू?"

मरळीनंच उत्तर दिलं. एक झटका मारला. बिनकाट्याचा गळ निघाला, अक्का मागं बसल्या आणि पाणी पुन्हा मिटलं.

आप्पा गुडघ्यांवर बसले. गालांवरून पाणी वाहत होतं, त्यातलं तळ्याचं किती ते सांगता येणार नाही. पाल त्यांनी उचलून पाहिली. तिच्या पाठीवर दातांच्या बारीक खुणा उमटल्या होत्या.

"खरी समजली," ते म्हणाले. "खरी समजली गं ती."

परतीच्या बसमध्ये दोघं ओलेचिंब, शेवाळानं माखलेले. कंडक्टरनं विचारलं, पडला काय तळ्यात? आप्पा नुसते हसत होते. अक्का म्हणाल्या, "मासा धरला ह्येंनी. ह्येवढा." आणि त्यांनी बोटांपासून कोपरापर्यंत हात मापून दाखवला.

"एवढा न्हवता," आप्पा पुटपुटले.

"तुमी गप बसा. धरला कुणी हुता? मी का तुमी?"

लग्नात तो मासा अक्कांच्या खांद्यापर्यंत पोचला होता. व्याह्यांनी दोनदा ऐकला आणि दोन्ही वेळा अंगठा वर करून दाद दिली. पुढं माझी बदली झाली. काही वर्षांनी लग्न करून मी बायकोला त्यांना भेटवायला घेऊन गेलो. आप्पा झोपाळ्यावर पान लावत होते. अक्का माझ्या बायकोला घेऊन थेट स्वयंपाकघरात गेल्या. आतून आवाज येत होता. पाण्याचा, पानाचा, झटक्याचा. मग भांडी खणखणली. मी डोकावून पाहिलं. अक्कांनी दोन्ही हात पसरले होते आणि एका हातानं फळीवरचे डबे खाली आले होते.

"हितं मावत न्हाय गं," त्या माझ्या बायकोला म्हणाल्या. "चल, अंगणात चल."